पाच ओळींचा दिवा

आर्डुइनोचं सॉफ्टवेअर उघडायचं, उदाहरणांच्या यादीतल्या 'बेसिक्स'मध्ये जायचं आणि 'ब्लिंक' निवडायचं. मायक्रोकंट्रोलरच्या वाटेला लागलेल्या जगभरच्या लाखो मुलांनी पहिल्यांदा वाचलेला प्रोग्राम हाच. टिपा आणि महिरपी कंस सोडले तर त्यात कामाच्या ओळी पाचच. 'सेटअप' या भागात एक: दिव्याची पिन आउटपुट कर. 'लूप' या भागात चार: पिन हाय कर, हजार मिलिसेकंद थांब, पिन लो कर, हजार मिलिसेकंद थांब. बोर्डावरचा 'एल' अक्षराशेजारचा इवलासा एलईडी एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो, आणि वीज असेपर्यंत हेच चालू राहतं.

बहुतेक जण हा प्रोग्राम एकदा चालवतात आणि मोटर, सेन्सर, रोबोट यांच्याकडे वळतात. मला तो थांबून, ओळीओळीनं वाचण्यासारखा वाटतो. मायक्रोकंट्रोलरसारखी गुंतागुंतीची वस्तू शाळकरी मुलाच्या हातात देताना आधी काय सांगायचं, काय नंतर कळलं तरी चालेल, आणि काय आड ठेवायचं पण कुलपात घालायचं नाही, याचा इतका नेटका विचार मी दुसऱ्या कुठल्या तांत्रिक मजकुरात पाहिलेला नाही.

या ओळींची भाषा जिथे घडली ते गाव म्हणजे उत्तर इटलीतलं इव्रेया, ऑलिव्हेटीच्या टाइपरायटरचं गाव. तिथे २००१ मध्ये इंटरॅक्शन डिझाइनची एक संस्था सुरू झाली. विद्यार्थी इंजिनिअर नव्हते. त्यांना आपल्या वस्तूंनी उजळावं, हलावं, स्पर्शाला दाद द्यावी एवढंच हवं होतं. तेव्हा अशा कामासाठी वापरला जाणारा 'बेसिक स्टॅम्प' विद्यार्थ्यांच्या खिशाला जड होता. कोलंबियाहून आलेल्या एर्नांदो बारागान या विद्यार्थ्यानं २००३ मध्ये आपल्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची प्रणाली रचायला घेतली. मार्गदर्शक होते मास्सिमो बांझी आणि केसी रीस. रीस यांनी बेन फ्राय यांच्यासोबत चित्रकार-डिझाइनरांसाठी 'प्रोसेसिंग' हे सॉफ्टवेअर केलं होतं, आणि एकदा तयारी मग अखंड आवर्तन ही मांडणी तिथूनच आली. तिथे आज आवर्तनाला 'ड्रॉ' म्हणतात. बारागाननं ती पडद्यावरून उचलून तारेवर आणली. २००५ मध्ये बांझी, डेव्हिड कुआर्तिएयेस, टॉम आयगो, जानलुका मार्तिनो आणि डेव्हिड मेलिस यांनी वायरिंगच्याच पायावर, पण अधिक स्वस्त चिप घेऊन, आर्डुइनो उभा केला. नाव गावातल्या एका बारचं, आणि त्या बारला नाव १००२ साली इटलीचा राजा झालेल्या अर्दुइनोचं. संस्था बंद होण्याच्या बेतात होती, तेव्हा काम तिच्याबरोबर गाडलं जाऊ नये म्हणून बोर्डाचे नकाशे आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं केलं गेलं.

आर्डुइनोची कीर्ती पाच जणांच्या नावावर जमा आहे. पण 'पिनमोड', 'डिजिटलराइट', 'डिले' ही शब्दकळा बारागानच्या वायरिंगमधली आहे, आणि ब्लिंक वाचताना ते ऋण मोठ्यानं उच्चारायलाच हवं असं मला वाटतं.

आता मजकुराकडे. सी भाषा शिकलेल्या माणसाला ब्लिंकमध्ये पहिल्यांदा खटकतं ते 'मेन'चं नसणं. सी मधला प्रत्येक प्रोग्राम मेनपासून सुरू होतो. इथे तो दिसतच नाही. पण तो आहे. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरबरोबर आपल्याच संगणकावर उतरलेल्या एका छोट्या फाइलमध्ये तो बसलेला असतो. तिथे आधी टायमर वगैरे जागे केले जातात, मग सेटअपला एकदा हाक जाते, आणि नंतर एका न संपणाऱ्या फेऱ्यात लूपला पुनःपुन्हा. कुणीही ती फाइल उघडावी, वाचावी, वाटल्यास बदलावी. संगणकावरचा साधा प्रोग्राम काम झालं की संपतो आणि सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत देतो. मायक्रोकंट्रोलरमध्ये परत जायला मागे कुणीच नाही. तिथला प्रोग्राम संपून चालत नाही. हे सत्य मुलाला व्याख्यान देऊन सांगावं लागलं असतं. इथे ते दोन भागांच्या नावांतच आलेलं आहे: तयारी एकदा, फेरा कायम.

सेटअपमधली एकुलती ओळ वरवर औपचारिक वाटते. एलईडीची पिन आउटपुट आहे, हे सांगायची गरजच काय? चिपच्या बाजूनं पाहिलं की गरज कळते. आर्डुइनोच्या उनो या बोर्डावरची एटीमेगा३२८पी चिप रीसेट होते तेव्हा तिच्या सगळ्या पिना इनपुट असतात, म्हणजे फक्त ऐकणाऱ्या. बाहेर काय जोडलंय हे चिपला ठाऊक नसतं. कळायच्या आधीच एखाद्या पिनेनं पाच व्होल्ट ढकलले तर काहीतरी जळेल. म्हणून गप्प राहणं हा तिचा मूळ स्वभाव, आणि बोलायची परवानगी प्रत्येक पिनेला नाव घेऊन द्यावी लागते.

ही ओळ गाळून पाहण्यात मोठी गंमत आहे. ब्रेडबोर्डवर आठ नंबरच्या पिनेला रेझिस्टर लावून एलईडी जोडा, प्रोग्राममध्ये तीच पिन लिहा आणि पिनमोडची ओळ पुसा. एलईडी बंद राहत नाही; अंधुक, जेमतेम दिसेल असा लुकलुकतो. कारण इनपुट पिनेला 'हाय' म्हटलं की ही एव्हीआर कुळातली चिप तिच्या आतला पुल-अप रेझिस्टर जोडते. तो वीस ते पन्नास हजार ओहमचा असल्यामुळे त्यातून एक मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच प्रवाह वाहतो. 'माझा एलईडी मंद का?' या नवशिक्याच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा या गाळलेल्या ओळीत असतं.

मग 'हाय' आणि 'लो'. इथे 'चालू' आणि 'बंद' असे सोपे शब्द ठेवता आले असते. ठेवले नाहीत, हे फार बरं झालं. प्रोग्राम दिव्याविषयी बोलतच नाही. तो पिनेवरच्या विद्युतदाबाविषयी बोलतो. उनोवर हाय म्हणजे पाच व्होल्ट, कित्येक नव्या बोर्डांवर तीन दशांश तीन. दिवा लागतो तो बोर्डावरच्या जोडणीमुळे. आपल्याकडच्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत ज्यांनी ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या किटवर हात बसवला, त्यांना हा फरक लगेच उमगेल. ८०५१ च्या पिना प्रवाह देण्यात दुबळ्या आणि ओढून घेण्यात बळकट, म्हणून तिथे एलईडी उलटा जोडायची पद्धत होती: पिन शून्य केली की दिवा लागे.

आजच्या काळात हीच गोष्ट ईएसपी८२६६ चिपच्या नोडएमसीयू बोर्डावर भेटते. त्याच्यावरचा एलईडीही उलटाच जोडलेला. ब्लिंक तिथे चढवला की 'हाय'ला दिवा विझतो आणि 'लो'ला लागतो, पण पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण दोन्ही थांबे सारखेच, हजार-हजार. या समतोलामुळे ब्लिंक कुठल्याही बोर्डावर बरोबरच दिसतो. पहिला थांबा दोनशे आणि दुसरा अठराशे केला की बिंग फुटतं: उनोवर दिवा क्षणभर चमकून जातो, नोडएमसीयूवर क्षणभर मिटून जातो. आकडे बदलायला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. पुष्कळ नव्या बोर्डांत ब्लिंक आधीपासूनच भरलेला असतो. आकडा न बदलता अपलोड केलं, तर दिवा आपल्या प्रोग्रामनं लुकलुकतोय की कारखान्यातल्या, हे ओळखायचं कसं?

दिव्याची पिनही आता आकड्यानं लिहिलेली नसते. जुन्या ब्लिंकमध्ये सरळ तेरा लिहिलेलं असे. सुरुवातीच्या बोर्डांवर तेरा नंबरच्या पिनेला रेझिस्टर आतच दिलेला होता आणि शेजारीच ग्राउंडची पिन, म्हणजे एलईडीचे दोन पाय थेट त्या दोन भोकांत खोचले की झालं. पुढे एलईडी बोर्डावरच आला, बोर्डांची कुळं वाढली, कुणाचा दिवा सहाव्या पिनेवर गेला, आणि आकड्याच्या जागी 'एलईडी बिल्टइन' हे नाव आलं. प्रोग्रामच्या माथ्यावरच्या टिपेत २०१४ आणि २०१६ मधल्या या दुरुस्त्यांची नोंद आहे, आणि हे उदाहरण सार्वजनिक मालकीचं असल्याचं एका वाक्यात लिहिलेलं आहे. एवढ्याशा प्रोग्रामला आपला इतिहास आपल्याच कपाळावर वागवताना पाहून मला आदर वाटतो.

डिजिटलराइट या एका शब्दामागे किती घडतं तेही पाहण्यासारखं आहे. तेरा हा आकडा चिपला समजत नाही. तिच्या लेखी ती पोर्ट बी ची पाच नंबरची पिन. त्यामुळे आधी कोष्टकात पाहून आकड्याचं पोर्टात भाषांतर होतं. त्या पिनेवर पीडब्ल्यूएम, म्हणजे तेज कमीजास्त करणारी झपाट्याची उघडझाप, चालू असेल तर ते थांबवलं जातं. मधे कुणी लुडबुड करू नये म्हणून इंटरप्ट क्षणभर रोखले जातात, आणि मग तो एक बिट बदलतो. या सगळ्यात चिपचे कित्येक डझन ठोके जातात. तेच काम पोर्टाच्या रजिस्टरला, म्हणजे पिनांची स्थिती धरणाऱ्या चिपमधल्या जागेला, थेट लिहून केलं, तर दोन ठोक्यांत, म्हणजे सेकंदाच्या ऐंशी लाखाव्या भागात उरकतं. जाणकार यावरून आर्डुइनोला मंद म्हणतात. मला तो हिशेब फायद्याचा वाटतो. सेकंदभर थांबणाऱ्या दिव्यासाठी चार-पाच मायक्रोसेकंद गेले तर काहीच बिघडत नाही, आणि ज्याला ते हवेत त्याला रजिस्टरची वाट ब्लिंकच्याच फाइलमध्ये मोकळी आहे; डीडीआर आणि पोर्ट ही रजिस्टरांची नावं तिथेही चालतात. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र उपक्रमातल्या फायरबर्ड ५ या रोबोटमध्ये एटीमेगा२५६० ही त्याच कुळातली चिप आहे. तिथली मुलं रजिस्टरांवरच काम करतात. उनोवरून तिकडे जाणाऱ्याला नवी भाषा शिकावी लागत नाही. आड ठेवलेलं तेवढं समोर येतं.

आता थांब्यांकडे येऊ. लूपमधला दुसरा थांबा नवशिक्याला फाजील वाटतो. दिवा लावला, थांबलो, विझवला, संपलं की. पण ती शेवटची ओळ पुसली तर दिवा विझताना दिसतच नाही. लूप लगेच माथ्याशी जातो आणि काही मायक्रोसेकंदांत पिन पुन्हा हाय होते. दिवा विझलेला असतो खरा, पण डोळ्याला दिसेल इतका वेळ नाही. चिपचा वेळ आणि माणसाचा वेळ यांच्यातलं अंतर मुलाला इथे पहिल्यांदा जाणवतं. मग दोन्ही थांबे शंभरवर, वीसवर, पाचवर आणत जावं. पाचवर लुकलुक नाहीशी होते आणि निम्म्या तेजाचा स्थिर दिवा उरतो. एक आणि नऊ केलं की आणखी मंद. डिमरची सारी युक्ती हाती आली, पीडब्ल्यूएम हे नाव कानी पडायच्या आधीच. पुढे 'ॲनालॉगराइट' भेटतं आणि हेच काम बहुतेक पिनांवर सेकंदाला ४९० वेळा हार्डवेअरकडून करून घेतं, तेव्हा ते ओळखीचं वाटतं.

थांबण्याच्या त्या एका सेकंदात चिप झोपलेली नसते. तिचे एक कोटी साठ लाख ठोके त्यात जातात, आणि ती सारखी वेळ विचारत राहते: झालं का, झालं का. वेळ सांगतो कोण? याचं उत्तर कंपायलरच्या एका कोरड्या निरोपात दडलेलं आहे. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे आयडीईच्या, १.८ मालिकेत उनोसाठी ब्लिंक कंपाइल केला की तळाशी येतं: प्रोग्रामला ९२४ बाइट, आणि व्हेरिएबलना ९ बाइट. आपण तर एकही व्हेरिएबल लिहिलेलं नाही. मग हे नऊ बाइट कुणाचे? ते काळाचे. चार बाइटांत टायमरच्या फेऱ्यांची संख्या, चार बाइटांत सरलेले मिलिसेकंद, आणि एका बाइटात एक शिल्लक.

ही शिल्लक हा ब्लिंकमधला मला सर्वांत मोहवणारा भाग आहे, आणि तो तर पाचही ओळींत कुठे दिसत नाही. सोळा मेगाहर्ट्झचे ठोके चौसष्टनं भागून टायमरला दिले जातात. तो २५६ मोजून पुन्हा शून्यावर येतो. एका फेरीला लागतात १०२४ मायक्रोसेकंद. मिलिसेकंद मात्र हजाराचा. प्रत्येक फेरीला एक मिलिसेकंद धरला, तर चोवीस मायक्रोसेकंद मागे राहतात. सॉफ्टवेअर ते टाकून देत नाही, साठवतं. आणि साधारण बेचाळीस फेऱ्यांमागे एकदा त्यांचा एक जादा मिलिसेकंद करून मोजणीत घालतं. आपल्या पंचांगात चांद्र आणि सौर वर्षांतला अकरा दिवसांचा फरक साचत जातो आणि दोन-तीन वर्षांनी अधिक महिना धरून मिटवला जातो, अगदी तसंच. त्यातही बारकावा असा की चोवीस आणि हजार, दोघांनाही आठनं नि:शेष भाग जातो. म्हणून चोवीसच्या जागी तीन आणि हजारच्या जागी एकशे पंचवीस ठेवलेत. अचूकता कणभरही ढळत नाही आणि सगळी शिल्लक एका बाइटात मावते. ज्या चिपकडे एकूण दोन किलोबाइट रॅम आहे, तिथे हे मोलाचं.

अर्थात एवढ्या काटेकोर हिशेबाखाली उनोवर सिरॅमिक रेझोनेटर आहे, क्वार्ट्झ क्रिस्टल नाही, आणि तो दिवसाला काही मिनिटं मागेपुढे जाऊ शकतो. दिव्याला ते पुरतं. भिंतीवरचं घड्याळ करायचं तर डीएस३२३१ सारखं वेळ राखणारं वेगळं आरटीसी मॉड्यूल लावावं.

हे सगळं चिपमध्ये जातं एका यूएसबी केबलमधून, आणि इथे बोर्डालाही दाद द्यायला हवी. पूर्वी प्रोग्राम जाळायचा म्हणजे वेगळा प्रोग्रामर हवा; कित्येकदा चिप काढा, जाळा, परत बसवा. उनोच्या चिपमध्ये ५१२ बाइटांचा एक बूटलोडर कायमचा राहतो. अपलोड दाबलं की यूएसबीची चिप एका छोट्या कपॅसिटरमधून मुख्य चिपला रीसेटचा झटका देते, बूटलोडर जागा होऊन क्षणभर कानोसा घेतो, प्रोग्राम येत असेल तर उतरवून घेतो, नसेल तर जुनाच चालू करतो. मुलाला दिसतं एवढंच की टीएक्स-आरएक्सचे दिवे फडफडले आणि आपण बदललेला आकडा जिवंत झाला. बदल आणि परिणाम यांतलं अंतर काही सेकंदांवर आणणं हेच शिकणाऱ्यासाठी सर्वांत मोठं दान, असं माझं मत आहे. चिप चुकून जळलीच तर अठ्ठावीस पायांची ती चिप सॉकेटमधून उपसून दुसरी बसवता येते. नकाशे खुले असल्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काही शे रुपयांत क्लोन बोर्ड मिळतो, आणि ब्लिंक त्यावर तसाच चालतो. २०२१ मध्ये चार डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिकोवरही चालतो आणि २०२३ च्या बत्तीस बिटांच्या उनो आर४ वरही. पाच ओळींना खालची चिप बदलल्याची खबर नसते.

ब्लिंकवर एक आक्षेप मात्र रास्त आहे. 'डिले'मध्ये चिप अडकून पडते. तेवढ्यात बटण दाबलं गेलं तर लूपला पत्ता लागत नाही. पुढच्या प्रोजेक्टांत ही सवय नडते, आणि तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. पण या आक्षेपाचं उत्तरही त्याच उदाहरणांच्या यादीत, 'डिजिटल' या गटात, 'ब्लिंक विदाउट डिले' या नावानं ठेवलेलं आहे. त्यात थांबणं नाही. प्रत्येक फेरीला 'मिलिस'कडून वेळ घ्यायची, मागच्या वेळची वजा करायची, आणि फरक ठरलेल्या अंतराइतका झाला असेल तरच दिवा पालटायचा.

त्यातली वजाबाकी वाचताना घाई करू नये. मिलिसची मोजणी चार बाइटांची. ४९ दिवस आणि सतरा तासांनी ती भरते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. 'आताची वेळ ही मागची वेळ अधिक अंतर याहून मोठी आहे का' असं लिहिलं असतं, तर त्या वळणावर बेरीज उलटून दिवा भलत्याच वेळी पालटला असता. 'आताची वजा मागची' असं लिहिल्यामुळे तसं होत नाही. समजा, मागची नोंद ४२९४९६७००० आहे आणि मधे मोजणी उलटून आता ७०४ झालेत. चार बाइटांच्या, ऋण चिन्ह नसलेल्या अंकगणितात ही वजाबाकी बरोबर १००० येते, आणि दिवा आपल्या ठरल्या वेळीच पालटतो. उदाहरणाच्या लेखकांनी या वळणाचा टिपेत उल्लेखही केलेला नाही. वाक्य फक्त बरोबर रचून ठेवलं आहे.

ज्याच्या घरी बोर्ड आहे त्यानं पुढची पायरी म्हणून दोन एलईडी लावावेत, एक सातशे मिलिसेकंदांच्या लयीत आणि दुसरा अकराशेच्या. आधी डिलेनं करून पाहावं; दोन्ही लयी एकमेकींत अडकतात. मग दोघांसाठी मागच्या वेळेचं वेगवेगळं व्हेरिएबल ठेवून हीच वजाबाकी दोनदा लिहावी. कंपाइल केल्यावर तळाशी येणारा बाइटांचा आकडा तेव्हा पुन्हा वाचावा, आणि या वेळी वाढलेले बाइट कुणाचे ते ओळखावं.